रिकाम्या घरात एकटे बर्मीज नको

वाचकाचे पत्र: आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला दुसऱ्या मजल्यावरच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. दोघेही नोकरी करतो. आठवड्यातले तीन दिवस घर सकाळी आठ ते संध्याकाळी सहा बंद असते. दहा वर्षांच्या मुलीला बर्मीज मांजर हवे आहे आणि आता आम्हालाही ते मनापासून हवेसे वाटते. समोर दोन पर्याय आहेत. एका ब्रीडरकडचे तपकिरी पिल्लू महिनाभरात १३ आठवड्यांचे होईल. दुसरीकडे, मांजरांना नवीन घर मिळवून देणाऱ्या एका संस्थेकडे सहा वर्षांची भावंडे आहेत. त्यांची मालकीण वृद्धाश्रमात गेली. मांजरी ४.३ किलोची आहे, बोका ६.४ किलोचा. दोघांची नसबंदी झालेली आहे, आणि घ्यायचे तर एकत्रच घ्या असे संस्था म्हणते. आम्ही शाकाहारी आहोत. आता सप्टेंबर सुरू आहे. २० डिसेंबरपासून चार आठवडे आम्ही पुण्याला जाऊ. एप्रिलमध्ये सासूबाई सहा महिन्यांसाठी येतील, त्यांना घरात मांजराची सवय नाही. दोन-तीन वर्षांनी कायमचे परतायचाही विचार आहे. पिल्लू घ्यावे की जोडी? आणि काय काय बघून घ्यावे?

आमचे उत्तर:

जोडी घ्या. तुमच्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते तीन दिवस आणि ते दहा तास. बर्मीज मांजर माणसाच्या मागे मागे खोल्याखोल्यांतून फिरते, लॅपटॉप उघडला की कीबोर्डवर येऊन बसते, तुम्ही बोललात तर उत्तर देते. लोक या स्वभावावर भाळूनच ते घरी आणतात आणि एकटेपणात हाच स्वभाव उलटतो. दिवसभर एकटे राहणारे तरुण बर्मीज आधी ओरडत राहते, आणि तो आवाज शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू जातो. मग ते कपाटांची दारे उघडायला लागते, लोकरीचे कपडे चावते, पोटावरचे केस चाटून चाटून कातडी उघडी पाडते. संध्याकाळी परतल्यावर कितीही लाड केले तरी ते दहा तास भरून निघत नाहीत. १३ आठवड्यांच्या पिल्लाला तर दिवसातून चार वेळा खायला लागते आणि जागेपणी सतत कुणीतरी खेळगडी लागतो. ब्रीडरकडे एकाच वेताची दोन पिल्ले असती तर आम्ही थोडा वेगळा विचार केला असता. एकच असेल तर तुमच्या घरासाठी नको.

भावंडांच्या वयाची काळजी करू नका. ब्रिटनमध्ये बर्मीज ही दीर्घायुषी जात मानली जाते. चौदा-पंधरा वर्षे जगणारी मांजरे सर्रास दिसतात. म्हणजे सहाव्या वर्षी घेतलेल्या मांजराची आठ-नऊ वर्षांची सोबत मिळू शकते, आणि त्याचा स्वभाव पहिल्या भेटीतच कळतो. एकत्र वाढलेली ही दोघे एकमेकांना चाटतात, बिलगून झोपतात. अनोळखी दोन मांजरांची ओळख घडवण्याचा आठवडे खाणारा खटाटोप तुमच्या वाट्याला येत नाही.

मात्र होकार देण्याआधी संस्थेला पहिला प्रश्न हा विचारा: या दोघांना बागेत जायची सवय होती का? सहा वर्षे रोज बाहेर हिंडलेले बर्मीज दुसऱ्या मजल्यावर कोंडले तर ते दारापाशी बसून आकांत करते आणि संधी मिळताच पळते. तसे असेल तर ही जोडी बागवाल्या घरी जाऊ द्या, तुम्ही दुसऱ्या जोडीसाठी थांबा. ब्रिटनच्या बर्मीज कॅट क्लबमार्फतही मोठ्या वयाच्या मांजरांना घरे शोधली जातात. तिथे तुमचा फ्लॅट, तुमचे कामाचे तास खरेखरे सांगून नाव नोंदवून ठेवा. फ्लॅट लीजहोल्ड (दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावरचा) असेल तर करारातले पाळीव प्राण्यांचे कलम वाचा, लागत असेल ती परवानगी लेखी घ्या.

आता तब्येतीचे. आजची बर्मीज जात फार थोड्या मांजरांपासून वाढली. १९३० मध्ये डॉ. जोसेफ थॉम्पसन यांच्याकडे सॅन फ्रान्सिस्कोला ब्रह्मदेशातून आलेली वाँग माऊ नावाची तपकिरी मांजरी ही तिची मूळ माता. जवळपास दुसरे बर्मीज नसल्याने तिचा संबंध सयामी जातीच्या बोक्याशी आणला गेला. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतून मोजकी मांजरे आली आणि १९५२ मध्ये तिथल्या जीसीसीएफ या नोंदणी संस्थेने जातीला मान्यता दिली. पाया एवढा अरुंद, त्यामुळे काही आनुवंशिक दोष या जातीत टिकून राहिले.

त्यांतला एक म्हणजे रक्तातले पोटॅशियम अधूनमधून घसरणे. पिल्लू दोन ते सहा महिन्यांचे असताना लक्षणे दिसू लागतात: मान खाली लोंबते, डोके डुलते, चाल ताठर होते, उडी मारता येत नाही. दोष आई आणि बाप दोघांकडूनही आला तरच आजार होतो. एकाकडून आला तर मांजर निरोगी राहते, पण पुढच्या पिढीला तो देऊ शकते. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर डीएनए चाचणी होते. सहा वर्षांच्या या जोडीत असे काही आजवर दिसले नसेल तर या बाबतीत निश्चिंत राहा.

तुम्हाला खरे लक्ष ठेवायचे आहे ते मधुमेहावर. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या बर्मीज मांजरांना तो इतर मांजरांपेक्षा कितीतरी जास्त होतो. ब्रिटनमध्ये साधारण तिप्पट ते चौपट. नसबंदी झालेला, घरातच राहणारा, मध्यमवयीन जाड बोका हा त्याचा नेमका बळी, आणि तुमचा ६.४ किलोचा बोका हुबेहूब तसाच आहे. बर्मीज दिसायला लहान पण हाताला जड लागते, हे खरे. तरीही मांजरीचे ३.५ ते ४.५ आणि बोक्याचे ४.५ ते साडेपाच किलो हे ठीक वजन. फासळ्यांवर हात फिरवा: हलक्या स्पर्शाला फासळ्या लागल्या पाहिजेत, आणि वरून पाहिल्यावर कमरेशी खोबण दिसली पाहिजे. बोक्याला साधारण एक किलो उतरवावा लागेल असे वजनावरून वाटते.

म्हणून संस्थेकडून जुन्या पशुवैद्याची संपूर्ण नोंद मागून घ्या, नुसते लसीकरणाचे कार्ड नको. त्यात आधीच्या वर्षांची वजने, दातांवर केलेले उपचार आणि रक्ततपासण्या असतात. बोक्याची रक्तातील साखर, फ्रुक्टोसामिन आणि लघवी तपासून घ्या. दवाखान्यात मांजर घाबरले की साखर तेवढ्यापुरती वाढते, त्यामुळे एकट्या साखरेच्या आकड्यावर निदान होत नाही; फ्रुक्टोसामिन मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगते. पुढे घरी आल्यावर लिटरमधले, म्हणजे शी-शूच्या ट्रेमधल्या वाळूतले, लघवीचे गोळे अचानक मोठे होऊ लागले, पाण्याचे भांडे लवकर रिकामे होऊ लागले, खाणे तेवढेच असून वजन उतरू लागले किंवा मागचे पाय टाचा टेकवून पडू लागले, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. लवकर सापडलेल्या मधुमेहात योग्य आहार आणि इन्सुलिनने बऱ्याच मांजरांची साखर पुन्हा ताब्यात येते, काहींचे इन्सुलिन सुटतेही.

तोंडही उघडून पाहायला सांगा. बर्मीजमध्ये चेहऱ्याच्या मज्जातंतूंचे एक तीव्र दुखणे आढळते. मांजर अचानक जीभ चावल्यासारखे चघळते, जोरजोरात ओठ चाटते, पंज्याने तोंड ओरबाडते, कधी रक्त काढते. किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या किंवा घरातला ताण यांनी ते उफाळते. असे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि विमा काढायचा तर मांजरे ताब्यात येतील त्या दिवसापासूनच, आजारपण वर्षानुवर्षे भरून देणारा. आधीच नोंदीत असलेला आजार कुठलीही कंपनी सहसा भरत नाही, म्हणूनही ती जुनी नोंद आधी वाचायला हवी.

पिल्लावरून मन हटतच नसेल, तर थोडक्यात सांगतो. आईबापांचे पोटॅशियमच्या दोषाचे डीएनए दाखले बघा. आई पिल्लांसोबत त्याच घरात दिसली पाहिजे. जीसीसीएफच्या नियमाप्रमाणे पिल्लू १३ आठवड्यांच्या आत आणि लसींचा पहिला टप्पा पुरा झाल्याशिवाय घर सोडत नाही. त्याआधी द्यायला तयार असणाऱ्याकडून घेऊ नका. अंगावर तुळतुळीत आखूड केस आणि पिवळे ते सोनेरी डोळे ही खूण. तपकिरी पिल्लाचा रंग लहानपणी फिका असतो आणि वयाप्रमाणे गडद होत जातो, त्यात काही खोट नाही. निळ्या डोळ्यांचे, लांब केसांचे, पांढऱ्या पंज्यांचे मांजर दाखवत असतील तर ते बर्मन, ही जात वेगळी. फोटो पाहून आगाऊ पैसे पाठवू नका.

आहाराबद्दल स्पष्ट बोलायला हवे. मांजर शाकाहारी होऊ शकत नाही. टॉरिन हे पोषकद्रव्य त्याला निसर्गतः मांसातूनच मिळते, ते कमी पडले की डोळ्यांचा पडदा आणि हृदयाचे स्नायू निकामी होत जातात. गाजर-भोपळ्यातल्या कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्व त्याचे शरीर बनवू शकत नाही. दूधभातावर मांजर दिसायला जगते, पण आतून खंगते. शिवाय मोठ्या मांजराला दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात. इंग्लंडच्या २००६ च्या प्राणीकल्याण कायद्यानुसार योग्य आहार देणे ही पाळणाऱ्याची जबाबदारी आहे. घरात मांस शिजवायची मात्र काहीच गरज नाही. ‘संपूर्ण आहार’ असे छापलेली सीलबंद पाकिटे घ्या, त्यांच्यासाठी एक कप्पा, एक चमचा, दोन बश्या वेगळ्या ठेवा, बश्या वेगळ्या स्पंजने धुवा. एवढेही घराला झेपणार नसेल तर मांजर घेऊ नका. सशाची जोडी तुमच्या स्वयंपाकघराला जास्त मानवेल.

मापे अशी. मांजरीला दिवसाला सुमारे २२० किलोकॅलरी पुरतात. बोक्याला, वजन उतरेपर्यंत, २०० च्या आसपास. ८५ ग्रॅमच्या ओल्या पाकिटात साधारण ७० ते ८० किलोकॅलरी असतात, कोरड्या दाण्यांच्या १०० ग्रॅममध्ये ३५० ते ४००. म्हणजे बोक्याला दोन पाकिटे आणि १२ ते १५ ग्रॅम दाणे, मांजरीला तेवढीच पाकिटे आणि १८ ते २० ग्रॅम दाणे. नेमका आकडा पाकिटावर पाहून हिशेब जुळवा. दाणे वाटीने मोजू नका, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. वाटीत पाच-सात ग्रॅम सहज जास्त पडतात, आणि चार-साडेचार किलोच्या जिवाला रोजचे तेवढेच जादा खाणे वर्षभरात पाव-अर्धा किलो चढवते. मधुमेहाची भीती असलेल्या जातीत ओले अन्न जास्त आणि दाणे कमी हेच बरे, कारण दाण्यांत पिठूळ भाग जास्त असतो.

अडचण येणार ती चोरीची. बोका आपले संपवून बहिणीच्या बशीवर जाईल. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून खायला घाला आणि वीस मिनिटांनी उरलेले उचला. ते जमत नसेल तर मांजराची चिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची खूण) ओळखून झाकण उघडणारे भांडे मिळते, ते मांजरीसाठी घ्या. बोक्याचे वजन आठवड्याला ५० ते ६० ग्रॅमच उतरू द्या, म्हणजे किलो उतरायला चारेक महिने. एकदम उपाशी ठेवणे धोक्याचे: जाड मांजर दोन-तीन दिवस नीट जेवले नाही तर चरबी यकृतात साठून ते गंभीर आजारी पडते. याच कारणाने, नवीन घरी आल्यावर दोघांपैकी कुणी २४ तास तोंडाला काही लावले नाही तर दवाखान्यात फोन करून विचारा, ४८ तास वाट पाहू नका. पहिले दोन आठवडे जुनेच खाणे चालू ठेवा, मग आठ-दहा दिवसांत थोडे थोडे मिसळत बदला. वजन उतरवण्याचा आहार बोक्याची नव्या घरात घडी बसल्यावर, म्हणजे महिन्याभराने सुरू करा.

घराची तयारी करताना आधी वॉशिंग मशीन. बर्मीजच्या अंगावर दाट आतली लोकर नसते, थंडीत ते ऊब शोधत राहते आणि ड्रायरमधल्या कोमट कपड्यांवर जाऊन झोपते. ड्रमचे दार कायम बंद ठेवायचे आणि चालू करण्याआधी दोन्ही मांजरे डोळ्यांनी पाहायची. मुलीलाही हा नियम पाठ करायला लावा. इंग्लंडमध्ये खिडक्यांना जाळ्या सहसा नसतात, त्या बसवून घ्या किंवा खिडकी चार-पाच सेंटिमीटरहून जास्त उघडणार नाही असा अडकाठी तुकडा लावा. वरून आत कलणाऱ्या खिडकीच्या फटीत मांजर अडकून चेंगरते, त्या बंदच ठेवा.

देवघराचा विचार वेगळा करावा लागेल. या जातीला धागे आणि लोकर चघळायचा नाद असतो. कापसाच्या लांब वाती, राखीचे दोरे, गजऱ्याचा दोरा, केसांचे रबर गिळले गेले तर आतडे चुण्यांसारखे गोळा होते आणि ऑपरेशनच करावे लागते. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसाच दवाखान्यात न्या. वाती डब्यात, समई मांजराची उडी पोहोचणार नाही अशा जागी, आणि दिवा तेवत असताना खोलीत कुणीतरी माणूस. कापूर मांजराला विषारी आहे, डबी बंद ठेवा आणि आरती दार-खिडकी उघडून, मांजरे दुसऱ्या खोलीत ठेवून करा. निलगिरीचे आणि टी-ट्रीचे तेल डिफ्युझरमध्ये घालू नका. कांदा-लसूण, शिजवलेला असो की फोडणीतला, मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो. उष्ट्या ताटल्या ओट्यावर राहू देऊ नका.

इंग्लंडमध्ये पाहुणे फुलांचे गुच्छ आणतात, त्यात लिली हमखास असते. तिचे पान, परागकण, फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडे दोन-तीन दिवसांत बंद पाडते. लिली घरात येऊच द्यायची नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांसाठीचे पर्मेथ्रिन असलेले पिसवांचे थेंबही तसेच जीवघेणे.

मांजरे आणल्यावर पहिले तीन-चार दिवस एकाच बेडरूममध्ये ठेवा. दोन मांजरांना शी-शूचे तीन ट्रे लागतात, आणि एकमेकांना चिकटून ठेवलेले तीन ट्रे मांजराच्या लेखी एकच. त्या खोलीत दोन कोपऱ्यांत दोन, नंतर एक बाथरूममध्ये. लांबी ५५ ते ६० सेंटिमीटर, त्यात जुन्याच प्रकारचे लिटर पाच-सहा सेंटिमीटर. दिवसातून दोनदा गोळे काढा. बाजारात मिळणारे बहुतेक ट्रे बर्मीज बोक्याला अपुरे पडतात. पलंगाखाली साठवणीचा प्लास्टिकचा सपाट डबा घेऊन एका बाजूला कापला तर स्वस्तात उत्तम ट्रे होतो. बर्मीज एका दिवसातच पायात घोळायला लागते, त्यावरून ते रुळले असे समजून फ्लॅटचे दार मोकळे टाकू नका; जिन्यात निसटलेली बहुतेक मांजरे पहिल्या महिन्यात निसटतात. दीड मीटर उंचीचा, तळाला जड असलेला, चढायला आणि नखे घासायला एक खांब खिडकीशी ठेवा. सकाळी निघण्याआधी आणि संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटे काठीच्या खेळण्याने पळवा आणि काठी कपाटात ठेवून द्या.

ताबा घेताना चिपची नोंद तुमच्या नावावर करून घ्या. १० जून २०२४ पासून इंग्लंडमध्ये २० आठवड्यांवरच्या प्रत्येक पाळीव मांजराला चिप बंधनकारक आहे आणि नोंद अद्ययावत नसल्यास ५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

सासूबाईंसाठी: त्या झोपणार ती खोली आत्तापासूनच मांजरांना बंद ठेवा. सहा महिने मोकळी असलेली खोली एप्रिलमध्ये अचानक बंद केली तर मांजरे रात्रभर दार खरवडतील आणि दोष त्यांच्यावर येईल. त्या बसल्या की मांजर मांडीवर येणारच, बर्मीजचा तो धर्मच आहे. ते नको असेल तर मांडीवर उशी घेऊन बसायला सांगा आणि खुर्चीशेजारी हीटरजवळ मांजराचे गरम अंथरूण ठेवा. पेढा, साय, दूधभात देऊ नये हे त्यांना मुलीने सांगितलेले जास्त पटेल.

सप्टेंबरअखेर मांजरे आणलीत तर डिसेंबरपर्यंत ती तीन महिन्यांची तुमची झालेली असतील, तेवढे पुरते. पण ख्रिसमसच्या आठवड्यातल्या जागा फार लवकर भरतात, तेव्हा कॅटरीत (पैसे घेऊन मांजरे सांभाळणाऱ्या जागेत) आजच फोन करा. स्थानिक कौन्सिलचा परवाना दर्शनी लावलेला हवा, दोघांना एकच गरम केलेला कक्ष हवा, आणि फ्लू व एन्टरायटिस (आतड्यांचा संसर्ग) यांच्या लसी चालू वर्षाच्या हव्यात. बोक्याचे मोजलेले खाणे लिहून द्या. नोव्हेंबरमध्ये दोन रात्री ठेवून पाहा, खातात का ते कळेल. दिवसातून एकदा वीस मिनिटे येऊन खायला घालून जाणारा शेजारी चार आठवड्यांसाठी पुरणार नाही. घरात राहायला येणारा माणूस मिळाला तर मात्र तो कॅटरीपेक्षा चांगला.

परतीच्या वेळी: परदेशात सलग दोन वर्षे राहून कायमचे परतणाऱ्याला सामानासोबत दोन पाळीव प्राणी भारतात आणता येतात, त्यामुळे जोडी अडचणीची नाही. भारताच्या प्राणी विलगीकरण विभागाचे ना-हरकत पत्र आधी काढावे लागते आणि प्रवेश ठरावीक विमानतळांवरूनच मिळतो. तुमच्यासाठी मुंबई, थेट पुणे नाही. आधी चिप, मग रेबीजची लस, आणि लसीच्या दाखल्यावर तो चिप क्रमांक, ही नोंद हवी. लस प्रवासाच्या किमान ३० दिवस आधीची लागते. ब्रिटनमधल्या नेहमीच्या वार्षिक लसींत रेबीज नसते, ती वेगळी सांगून टोचून घ्यावी लागेल. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याच्या तीन महिने आधी विभागाकडे विचारणा करा.